शंकूची रुंदी

चक्रीवादळ उठलं की टीव्हीवर हवामान खात्याचा नकाशा झळकू लागतो. मधे वादळाच्या वाटेची रेघ, आणि तिच्या दोन्ही अंगांना पुढे पुढे रुंदावत जाणारा शंकू. आपण रेघ बघतो. गाव तिच्यावर नाही ना, एवढंच. शंकूकडे लक्ष देतो कोण? पण त्या नकाशातला सगळ्यांत प्रामाणिक भाग तोच. मागच्या वर्षांत अंदाज सरासरी किती चुकले, त्यावरून ही रुंदी ठरते. आपल्या चुकांचं माप हे खातं दर वादळाला चारचौघांत मांडतं. (आणखी कुठलं सरकारी खातं असं करतं, आठवून बघा.)

ही रुंदी कमी होत आलीय, पण ती मिटणार नाही. १९६१ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये एडवर्ड लॉरेन्झ संगणकावर एक लुटुपुटीचं हवामान चालवत होते. जुनं गणित मधूनच पुन्हा सुरू करायचं म्हणून त्यांनी छापील कागदावरचा आकडा भरला, ०.५०६. यंत्राच्या पोटात तो ०.५०६१२७ होता. कॉफी पिऊन येईतो यंत्रानं दोनेक महिन्यांचं हवामान मोजलं होतं. सुरुवातीला ते आधीच्यासारखंच चाललं, मग फाटत गेलं आणि शेवटी दोघांचा काही संबंधच उरला नाही. समीकरणं तीच, यंत्र तेच. अरबी समुद्रावरच्या हवेची मोजणी तर इतकी काटेकोर कधीच नसते. म्हणून रोजचं हवामान साधारण दोन आठवड्यांपलीकडे सांगता येत नाही, आणि संगणक कितीही मोठा आणला तरी ही हद्द फारशी सरकणार नाही, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात.

चक्रीवादळ निदान काही दिवस आधी दिसतं. एकेका ढगाचा हिशेब तासांचा. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम ७३. ‘मुंबईत अतिवृष्टी’ असं आदल्या दिवशी कुणी छातीठोकपणे सांगितलं असतं, तरी कुलाब्याच्या माणसानं त्याला वेड्यातच काढलं असतं.

३ जून २०२०चं ‘निसर्ग’ वादळ मात्र सांगितलं होतं तसंच आलं, अलिबागच्या दक्षिणेला. मुंबईनं ‘हुकलं’ म्हणून सुस्कारा सोडला. ते हुकलं नव्हतं, श्रीवर्धन-दिवेआगरला गेलं होतं. आगाऊ सूचनेमुळे किनाऱ्यावरची माणसं हलवता आली. वाड्या कुठे हलवणार? सुपारीची उंच, सडसडीत झाडं कमरेत मोडून एकमेकांवर पडली. नवीन रोप लावलं तर सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात. तेवढ्या काळात पुन्हा वादळ येईल का, हा बागायतदाराचा खरा प्रश्न, आणि त्याला उत्तर देणारा नकाशा अजून निघालेला नाही. रोपं लावून वर्ष होतंय न होतंय तोच, मे २०२१मध्ये, ‘तौक्ते’ याच किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेलं.