शब्दाचें कूळ आणि शब्दाचें काम

इंग्रजींतील शास्त्रीय शब्दांची फोड करून त्यांतील ग्रीक धातु व उपसर्ग विद्यार्थ्यांस दाखविणें हा आमचा अनेक वर्षांचा आवडता उद्योग आहे. ‘टेलि’ म्हणजे दूर, ‘फोन’ म्हणजे ध्वनि, एवढें कळलें कीं लांबलचक शब्दाची भीति उरत नाहीं. या विद्येचा आम्हांस थोडासा अभिमानहि होता. तो कसा उतरला, हें सांगितल्यावांचून प्रस्तुत प्रश्न वाचकांपुढें नीट मांडतां येणार नाहीं.

आमच्या शेजारीं विहिरी खणण्याच्या कामांत जन्म घालविलेले एक वृद्ध गृहस्थ राहतात. त्यांस मधुमेह आहे. रुग्णालयांतून आणलेला एक कागद त्यांनीं आमच्यापुढें धरला. त्यावर ‘हायपोग्लायसेमिया’ असा शब्द होता. आम्हीं मोठ्या उत्साहानें सांगूं लागलों: ‘हायपो’ म्हणजे खालीं, ‘ग्लुकूस’ म्हणजे गोड, ‘हैमा’ म्हणजे रक्त. हा ‘हायपो’ आपल्या संस्कृत ‘उप’चा भाऊ आणि ‘हायपर’ हा ‘उपरि’चा, हेंहि सांगावयास चुकलों नाहीं. त्यांनीं सर्व शांतपणें ऐकून घेतलें व विचारलें, “ते समदं खरं, सर. पण घाम फुटून हातपाय कापाया लागले, तर साखर खायाची का न्हाई?”

“खायची, आणि लगेच खायची.”

“मग येवढंच सांगायचं व्हतं.”

ऐकणाऱ्याच्या जिवाशीं गांठ असतां त्यास न कळणारा शब्द वापरणें हा केवळ शैलीचा दोष, कीं नीतीचा? परके शब्द हांकलून द्यावे म्हणजे हा दोष आपोआप जाईल, असें कित्येकांस वाटतें. आम्हांस तें पटत नाहीं. आज अहिल्यानगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आमच्या नगरच्या किल्ल्यास १५९५ सालीं मोगलांनीं वेढा घातला, तटाखालीं सुरुंग खणले, आणि पुढील सालीं तटास पडलेलें खिंडार चांदबिबीनें बुजवून घेतलें, ही कथा येथें सर्वांस ठाऊक आहे. परंतु ‘सुरुंग’ हा शब्दच मुळांत ग्रीक आहे, असें भाषापंडित मानतात. ‘सिरिन्क्स’ म्हणजे नळी. त्यापासून संस्कृतांत ‘सुरुंगा’ आला आणि इंग्रजींत ‘सिरिंज’ झाला. ज्योतिषांतून आलेला ‘केंद्र’ शब्दहि तिकडचाच, इंग्रजी ‘सेंटर’चा सहोदर. खडक फोडण्यासाठीं सुरुंग लावणाऱ्या कामकऱ्यास त्याचा अर्थ कधीं विचारावा लागला नाहीं. उलट ‘दूरध्वनि’ हा शुद्ध असूनहि लोक ‘फोन’च म्हणतात. आणि ‘लोकशाही’? तिचें मुख संस्कृत, पण शेपूट निजामशाहीचेंच! ती कोणास परकी वाटत नाहीं. तेव्हां शब्दाचें कूळ हा नीतीचा प्रश्न नव्हे.

वैद्यांनीं परस्परांत बोलतांना नेमके पारिभाषिक शब्द वापरावे, हें आम्हांस मान्य आहे. ‘हायपो’ व ‘हायपर’ यांत गफलत झाली तर औषध उलटें पडेल. परंतु तो शब्द वैद्याच्या टेबलावरून रोग्याच्या घरीं जावयाचा असेल, तर त्याचा अर्थहि बरोबर जावयास हवा. ग्रीक माणसास ‘ग्लुकूस’ हा मधाची गोडी सांगणारा रोजचा शब्द होता. त्याच्या घरगुती बोलीचें आपण कुंपण केलें, आणि आम्हीं तर त्या कुंपणाचीं झाडें मोजून दाखवीत बसलों. न सांगतां गप्प राहणारा आणि समजणार नाहीं असें सांगणारा, यांत रोग्याच्या दृष्टीनें फरक तो काय?

तो कागद आम्हीं दुसऱ्या दिवशीं मागून घेतला आणि त्या शब्दाखालीं ठळक अक्षरांत लिहिलें: “घाम, कंप, चक्कर आल्यास ताबडतोब साखर खा व डॉक्टरांस कळवा.” व्युत्पत्ति लिहिली नाहीं.