दामदुपटीची अट

स्प्रेडशीटमध्ये चक्रवाढीचे स्वतःचे फंक्शन लिहायला एक ओळ पुरते. दरात एक मिळवायचा, त्या बेरजेचा वर्षांइतका घात काढायचा आणि त्याने मुद्दलाला गुणायचे. गुगल शीट्सच्या अ‍ॅप्स स्क्रिप्टमध्ये हे एकदा लिहून ठेवले की कोणत्याही सेलमधून ते नावाने बोलावता येते. १०,००० रुपये, द.सा.द.शे. २४, मुदत १० वर्षे असे आकडे दिले की उत्तर येते ८५,९४४. ठेवीदार सुखावतो. हाच आकडा कर्जदाराच्या नावावर मांडला की जुना प्रश्न उभा राहतो: नुसता काळ लोटला म्हणून दुसऱ्याच्या कष्टावर किती हक्क सांगावा?

धर्मशास्त्राने व्याज सरसकट निषिद्ध ठरवले नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात महिन्याला मुद्दलाचा ऐंशीवा भाग, म्हणजे शेकडा सव्वा, असा दर आहे. तिथेच ब्राह्मणाला शेकडा दोन आणि शूद्राला शेकडा पाच असाही भेद आहे. तो उघड अन्याय आहे. पण त्याच अध्यायातला दुसरा नियम फार मोलाचा: पैशाच्या कर्जावर एका वेळी घ्यायचे व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये. हीच दामदुपट. मुंबई इलाख्यातल्या इंग्रजी न्यायालयांनीही हिंदू कर्जदारांसाठी ती मानली.

फंक्शनमध्ये ही अट घालणे सोपे वाटते. वरच्या कर्जाचे तिसऱ्या वर्षाअखेर १९,०६६ होतात, चौथ्या वर्षाअखेर २३,६४२. अट घातली की आकडा २०,००० वर थांबतो. मग मुदत दहा वर्षे असो की शंभर.

मात्र नियमातले ‘एका वेळी’ हे शब्द एका ओळीच्या सूत्रात मावत नाहीत. वेळोवेळी फेडलेल्या व्याजाची एकूण बेरीज मुद्दलापेक्षा जास्त झाली तरी चालते. मर्यादा आहे ती थकून साचलेल्या व्याजाला. त्यामुळे घाताचे सूत्र सोडून वर्षावर्षाने फिरणारे लूप लिहावे लागते: व्याज चढवा, भरणा वजा करा, मग थकबाकी मुद्दलाशी ताडून पाहा. कर्जदाराने काय भरले आणि कधी भरले, हे तेव्हा कुठे हिशेबात येते.

खरी अडचण पुढे आहे. ज्याला फेडणे जमत नाही त्याने थकलेले व्याज धरून नवा लेख करून द्यावा, अशी सोय मनुस्मृतीतच आहे. लूपमध्ये दरवर्षी नवा रोखा धरला की व्याज मुद्दलात जाते, मर्यादाही त्याबरोबर वर सरकते आणि दहाव्या वर्षी पुन्हा ८५,९४४ येतात. अट जागच्या जागी असते, पण तिचा उपयोग उरत नाही. रोख्यावर अंगठा उठवला म्हणजे संमती दिली, असे सावकार म्हणेल. पण फेडायला हातात काही नसलेल्या माणसाच्या संमतीला संमती म्हणणे कठीण आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले, तेव्हा त्यांचा राग याच कागदांवर होता. त्यानंतर १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला.

म्हणून रोखा कितीही वेळा बदलला तरी मर्यादा पहिल्या, प्रत्यक्ष हातात पडलेल्या रकमेवरच मोजणारे फंक्शन दामदुपटीच्या हेतूला धरून आहे. बाकीची फक्त तिच्या शब्दांना धरून आहेत.