कच्चे खत, कच्चे मडके



मृग जवळ आला की आमच्या महागावाकडे खताचे खड्डे उपसायला सुरुवात होते. आपल्याही गावी हेच चालत असेल. म्हणून एक प्रश्न आपल्यापुढे ठेवतो. खत पिकले, हे ओळखायचे कशावरून? आणि माणूस पिकला, हे कशावरून?

शेजारच्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे म्हणजे आपले नाडेप काका. 'नाडेप' हे टाक्याचे नाव त्यांच्याच नावावरून पडले. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असे विटांचे टाके. हवा खेळावी म्हणून भिंतींना भोके. आत काडीकचरा, शेणकाला आणि माती यांचे थर द्यायचे, वरून शेणमातीने लिंपायचे. शंभरेक किलो शेणात, तीन ते चार महिन्यांनी, सुमारे तीन टन खत मिळते.

मी पहिल्यांदा टाके भरले तेव्हा नुसते दिवस मोजत बसलो. पंच्याहत्तराव्या दिवशी वरचा थर काळा दिसला. म्हटले, झाले! दोन घमेली काढून मिरचीच्या रोपांना घातली. पंधरवड्यात रोपे पिवळी पडली. घरची मंडळी म्हणाली, "अहो, वास तरी घेतला होता का?"

नव्हता घेतला. अर्धवट खतात कुजण्याचे काम चालूच असते. ते काम करणारे सूक्ष्म जीव जमिनीतले नत्र स्वतःकडे ओढतात आणि रोप उपाशी राहते. देणारे म्हणून घातले, ते घेणारे निघाले.

तेव्हापासून मी परीक्षा घेतो. पक्क्या खताला पहिल्या पावसाच्या मातीचा वास येतो; पऱ्हाटीची काडी, तुराटी त्यात ओळखू येत नाही. ओले मूठभर खत पिशवीत आठवडाभर बांधून ठेवावे. उघडल्यावर आंबूस किंवा उग्र वास आला तर ते कच्चे. त्यात मेथीचे चार दाणे टाकून पाहावेत. दाणा खोटे बोलत नाही.

मैल्याच्या खताला तर अधिक धीर हवा. कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी हे काम व्रतासारखे केले. दोन खड्ड्यांच्या संडासात भरलेला खड्डा किमान वर्षभर बंद ठेवतात, कारण जंतांची अंडी सहज मरत नाहीत. शहरी गटाराच्या गाळात कारखान्यांचे शिसे, कॅडमियम आले असेल तर मात्र कितीही थांबा, ते कुजत नाही. काळ सगळेच पिकवत नाही, माउली. काही गोष्टी मुळात आतच येऊ द्यायच्या नसतात.

पण सगळ्यांत मोठी परीक्षा वेगळीच आहे. ढीग खालीवर करून पाणी शिंपडा आणि दोन-चार दिवसांनी आत हात घाला. कच्चा ढीग पुन्हा तापतो. पक्का गारच राहतो.

हे कळले आणि गोरोबाकाकांची कथा मला नव्याने उमगली. तेरला संत जमले, मुक्ताईने मडकी तपासायला सांगितली, काकांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारले. बाकीचे शांत राहिले, नामदेवराय रागावले. मडके कच्चे ठरले. थापटण्याने कच्चेपण आणले नाही. आतली धग तेवढी बाहेर आली.

पन्नास वर्षे मी ही कथा सांगितली. गेल्या कार्तिकात एका तरुण कीर्तनकाराने, अगदी नम्रपणे, माझ्या निरूपणातली चूक दाखवली. चूक माझीच होती. तरी मी चारचौघांत त्याला फटकारले. केस पांढरे झाले होते, वरचा थर काळा दिसत होता. थापटणे बसले आणि मी तापलो.

मग कच्चे म्हणजे टाकाऊ का? नाही. नामदेवराय शेजारच्या हिंगोलीतल्या औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले आणि पिकून परतले. कच्चे खत फेकायचे नसते. पुन्हा टाक्यात घालायचे, पाणी द्यायचे, थांबायचे. तोवर ते रोपाच्या मुळाशी मात्र घालायचे नसते. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाच्या घरी जाऊन क्षमा मागितली. त्याने वाकून माझेच पाय धरले. तो गार होता.

यंदा खत काढाल तेव्हा आधी हात घालून पाहा. आणि कुणी आपल्याला थापटले, तर उत्तर देण्याआधी आपल्याही आत एकदा हात घालून पाहा, माउली.