जागा १४२

"त्या जागेची डेप्थ बघितलीस ना?" सरांनी विचारलं होतं आणि मी "हो" म्हणाले होते. २०२१च्या पावसाळ्यातली गोष्ट. त्या एका "हो"चा हिशेब मी अजून कुणाला दिलेला नाही.

कोरोनाच्या डेल्टा व्हेरिअंटची लाट ओसरत होती. आलेल्या नमुन्यांतून स्पाइक प्रथिनाचा क्रम वेगळा काढायचा, मॅफ्ट या सॉफ्टवेअरने वुहानच्या मूळ क्रमाशेजारी लावायचा आणि जॅलव्ह्यू या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायचा, हे माझं रोजचं काम. प्रत्येक ओळीत अमिनो आम्लांच्या १२७३ जागा, एकाखाली एक शेकडो माणसांच्या ओळी. ४५२ला खालपर्यंत आर, ६८१लाही आर. १४२ला मात्र कुठे डी, कुठे एक्स, म्हणजे न कळलेलं अक्षर, आणि अधूनमधून जी. जी म्हणजे वुहानचंच अक्षर. विषाणू या जागी मागे फिरतोय, असं मला वाटलं. प्रतिपिंडं जिथे धरतात अशा भागातली ही जागा, त्यामुळे छातीत धडधडलंच. अहवालात मी लिहिलं : "१४२ या स्थानी मूळ अमिनो आम्लाकडे परतण्याचा कल दिसतो."

सरांना "हो" म्हणाले तेव्हा मी डेप्थ, म्हणजे एक जागा किती वेळा वाचली गेली तो आकडा, पाहिली होती, पण सगळ्या जीनोमची सरासरी. ती उत्तम होती. त्यांनी विचारलं होतं त्या जागेचं. हा फरक मला बोलतानाच कळला होता. जीभ अडखळली नाही, याचंच आज जास्त वाईट वाटतं.

त्याच संध्याकाळी मूळ फाइल उघडली. चौतीस वर्षांच्या एका बाईचा नमुना. जीनोमभर रीड्सचा, म्हणजे वाचलेल्या तुकड्यांचा, दाट थर आणि १४२च्या आसपास खड्डा. मोजले, सहा रीड्स. त्या सहांवरून सॉफ्टवेअरने जी लिहिला होता. असं का होतं ते मला समजायला हवं होतं. आपण जीनोम सुमारे चारशे अक्षरांच्या तुकड्यांत वाढवतो आणि प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना प्रायमर बसावा लागतो. डेल्टात १५७-१५८ची अमिनो आम्लं गळालेली, आणि ती गळती नेमकी एका प्रायमरच्या बसायच्या जागेत. तुकडा नीट वाढतच नव्हता. मग शेजारच्या नमुन्यातले चार भरकटलेले रेणूही मोठे दिसतात. वंशवृक्षानेही मला सांगितलं होतं : जी असलेले नमुने एका फांदीवर नव्हते, झाडभर विखुरले होते. विषाणू खरंच मागे फिरला असता तर त्याची पिल्लावळ एकत्र दिसली असती. ते विखुरलेपण मी पाहिलं होतं आणि "अनेकदा स्वतंत्रपणे घडलं असेल" म्हणून स्वतःची समजूत घातली होती. शोध आपला असला की पुरावा किती सहज वाकतो!

त्यानंतर अकरा दिवस मी गप्प राहिले. अहवाल पुढे गेला होता, दोन जणांनी कौतुक केलं होतं. रोज सकाळी वाटायचं, आज सांगू. मग इंग्लंडमधल्या दोघा संशोधकांचा लेख आला : डेल्टातला १४२चा चढउतार हा विषाणूचा नसून गळालेल्या तुकड्याचा दोष आहे. मी तो सरांना पाठवला आणि दुरुस्तीचं टिपण जोडलं, जणू मलाही आजच कळलं. सर म्हणाले, "बरं झालं, लगेच दुरुस्त केलंस."

अहवालातल्या त्या वाक्यामुळे कुणाचा उपचार चुकला नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. ते खरंही आहे. पण लाटेच्या भरात त्या बाईच्या नाकातून स्वॅब घेणाऱ्या आरोग्यसेविकेने तो सांभाळून बर्फात ठेवला होता. पीपीई किटमध्ये घामाने निथळत कुणी तो प्रयोगशाळेपर्यंत पोचवला. आणि माझ्यापाशी आल्यावर मी त्यातले सहा रीड्स मोजले आणि फाइल बंद केली.

आता जिथे डेप्थ कमी तिथे मी हाताने एन, म्हणजे "माहीत नाही", टाकते, मग प्रथिनात एक्स येतो. विद्यार्थ्यांना एवढे एक्स आवडत नाहीत, तक्ता ओसाड दिसतो म्हणतात. त्यांना मी मूळ फाइल उघडून खड्डा दाखवते. तो खड्डा पहिल्यांदा कधी पाहिला, ते मात्र सांगत नाही.

सर निवृत्त होऊन साताऱ्याला राहतात. दोनदा जाऊन आले. चहा झाला, नव्या व्हेरिअंट्सवर बोलणं झालं. दुसऱ्या खेपेला ते फाटकापर्यंत सोडायला आले होते, आणि मी चपला घालण्यात बराच वेळ काढला.