चार बटणे, चार साक्षी

अल्लाहची स्तुती आणि त्याच्या अंतिम प्रेषितांवर (स.) दरूद व सलाम.



मागच्या जुम्म्याच्या नमाजनंतर एक भगिनी मशिदीच्या दाराशी थांबल्या होत्या. त्यांनी विचारले, "मौलाना, निवडणुकीसाठी एका उमेदवाराची माणसे घरी आली होती. पैसे दिले. मुलाची फी थकली होती, म्हणून मी घेतले. जाताना त्यांनी कुरआनावर हात ठेवायला लावून शपथ घेतली की मत त्यांनाच देईन. आता कळते की माणूस चांगला नाही. शपथ मोडली तर गुनाह, पाळली तर मन खाते. मी काय करू?"

त्या भगिनींना मी जे उत्तर दिले, ते या लेखाच्या शेवटी देतो. ते नीट समजण्यासाठी आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. ज्या मताची किंमत नोटांमध्ये ठरवली जाते, ते मत शरीअतच्या दृष्टीने नेमके काय आहे?

15 जानेवारी 2026 रोजी महाराष्ट्रातील 29 महानगरपालिकांसाठी मतदान झाले. त्यांत नाशिक जिल्ह्यातील मालेगावही होते. त्या शहराविषयी विशेष लिहितो, कारण मी तिथे शिकलो. मदरसा मोसम नदीच्या पूर्वेला होता आणि मराठीचे वर्ग पश्चिमेला. रोज पूल ओलांडताना एका शहरातून दुसऱ्या शहरात गेल्यासारखे वाटे. पूर्वेला यंत्रमागांचा खडखडाट, उर्दू पाट्या, मशिदींचे मिनार. पश्चिमेला मराठी पाट्या, मंदिरांच्या घंटा. दोन्ही तीरांवरची गटारे मात्र एकाच नदीत सांडत. डासांनी आणि दुर्गंधीने कधी कोणाचा धर्म विचारला नाही.

मालेगावला 2001 साली महानगरपालिका झाली. त्याआधीची निवडणूक मे 2017 मध्ये झाली होती. 2022 साली सभागृहाची मुदत संपली आणि आरक्षणाच्या न्यायालयीन वादात राज्यभरातील निवडणुका अडकून पडल्या. पुढे सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये निवडणुका घेण्याचा आदेश दिला. दरम्यानची वर्षे प्रशासकांच्या हाती कारभार होता. नळाला पाणी आले नाही तर कोणत्या दारावर थाप मारावी, हे गरिबाला कळत नव्हते. म्हणून ही निवडणूक किरकोळ समजू नका. पाणी, गटार, कचरा, दिवे, रस्ते, दवाखाने, जन्म-मृत्यूच्या नोंदी हे सारे जिथे ठरते, ते घर पुन्हा उघडले. वाटेतला काटा दूर करणे ही ईमानची एक शाखा आहे, असे प्रेषितांनी (स.) शिकवले. मग ज्या संस्थेचे कामच वाटा मोकळ्या ठेवण्याचे आहे, तिच्याकडे मोमिन पाठ कशी फिरवील?

मत म्हणजे साक्ष

मुफ्ती मुहम्मद शफी (रह.) यांनी मताची तीन रूपे सांगितली आहेत. पहिले शहादत, म्हणजे साक्ष: हा माणूस या कामास लायक व अमानतदार आहे, अशी ग्वाही आपण देतो. दुसरे सिफारिश, म्हणजे शिफारस: त्या माणसाच्या पुढील भल्या-बुऱ्या कामात आपलाही वाटा राहतो. तिसरे वकालत: आपण आपल्याच नव्हे, तर साऱ्या वस्तीच्या हक्कांसाठी वकील नेमतो.

आता आपल्या निवडणुकीची पद्धत पाहा. मुंबई वगळता बाकीच्या शहरांत एका प्रभागातून अनेक नगरसेवक निवडले जातात. मालेगावात 84 जागा आहेत आणि एका प्रभागात चार. म्हणजे मतदार एकदा आत गेला की एक नव्हे, चार बटणे दाबतो. याचा अर्थ तो चार साक्षी देतो. आपला अनुभव काय? पहिल्या बटणाचा विचार होतो, कारण तो उमेदवार गल्लीतला किंवा नात्यातला असतो. उरलेली तीन बटणे "पॅनल" म्हणून डोळे झाकून दाबली जातात. न्यायालयात कोणी चार माणसांविषयी साक्ष द्यायला उभा राहिला आणि म्हणाला, एकाला मी ओळखतो, बाकी तिघे त्याच्यासोबत आले आहेत, तर न्यायाधीश काय म्हणेल? आणि आपल्याला तर त्या न्यायाधीशापुढे उभे राहायचे आहे, ज्याच्यापासून छातीतले रहस्यही लपत नाही.

म्हणून चौघांचीही चौकशी करा. प्रत्येक उमेदवाराला आपल्यावरील गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण यांचे शपथपत्र द्यावे लागते. ते वाचण्यासाठी आहे. घरातला शिकलेला मुलगा किंवा मुलगी ते वाचून सर्वांना समजावून सांगू शकते. आणि एखाद्या जागेवर खरोखर कोणीच लायक नसेल, तर त्या जागेपुरते तसे नोंदवण्याचे बटणही यंत्रावर आहे. पण चौकशीचा कंटाळा म्हणून ते दाबणे किंवा घरीच बसणे, ही साक्ष लपवणे होय. साक्ष लपवणाऱ्याचे हृदय गुन्हेगार आहे, असे सूरह अल-बकरा बजावते.

आपला आणि परका

सर्वांत कठीण प्रश्न इथे येतो. दुभंगलेल्या शहरात मत लायकीवर दिले जात नाही, ते तीरावर दिले जाते. पूर्वेकडे सांगतात, ते येतील आणि तुम्हाला चिरडतील. पश्चिमेकडेही नेमके हेच सांगतात. भीती निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. ज्या शहराने 8 सप्टेंबर 2006 ची शब-ए-बरात पाहिली, जुम्म्याच्या दिवशी कब्रस्तानाजवळ झालेले स्फोट पाहिले, त्याला भिऊ नका असे सांगणे सोपे नाही. पण भीतीवर मते मागणारे निवडणुकीनंतर काय करतात, तेही पाहा. 2017 साली निकाल लागल्यावर त्याच मालेगावात काँग्रेसचा महापौर आणि शिवसेनेचा उपमहापौर झाला. प्रचारात जी नदी ओलांडता येणार नाही असे वाटत होते, ती सत्तेसाठी एका रात्रीत ओलांडली गेली. दोन्ही तीरांनी मिळून कारभार करणे ही वाईट गोष्ट नाही. उलट शहराला तेच हवे आहे. प्रश्न एवढाच आहे की नेत्यांना जे जमते, ते शेजाऱ्यांना अशक्य आहे असे आपल्याला का सांगितले जाते?

प्रेषित (स.) ज्या यस्रिबमध्ये आले, तेही दुभंगलेलेच शहर होते. औस आणि खजरज यांच्यात पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर होते. हिजरतीच्या काही वर्षे आधी बुआसच्या लढाईत दोन्हींकडचे मोठमोठे सरदार कामी आले होते. तिथे ज्यूंचे कबिलेही होते. या शहरात प्रेषितांनी एक करार केला. प्रत्येक गटाचा धर्म त्याच्याकडे राहिला, शहराचे रक्षण सर्वांचे झाले आणि अन्याय करणारा स्वतःचा मुलगा असला तरी सर्वांनी त्याच्याविरुद्ध उभे राहावे असे ठरले. पुढे एकदा एका मुहाजिर आणि एका अन्सारी तरुणात भांडण झाले. दोघांनी आपापल्या लोकांना हाक मारली. त्यावर प्रेषितांनी (स.) या हाकेला दुर्गंधीयुक्त म्हटले. ध्यानात घ्या, मुहाजिर आणि अन्सार ही नावे किती पवित्र! पण तीच नावे गटबाजीसाठी वापरली गेली, तेव्हा त्यांना दुर्गंध आला. आपण आज जमात, बिरादरी आणि मोहल्ला यांच्या नावाने ज्या हाका देतो, त्यांचे काय?

काही तरुण विचारतात, चार जागांपैकी एका जागेवर दुसऱ्या समाजाचा उमेदवार अधिक प्रामाणिक असेल तर? सूरह अल-माइदामध्ये अल्लाहचा आदेश आहे की कोणत्याही लोकांविषयीच्या शत्रुत्वाने तुम्हाला अन्यायाकडे ढकलता कामा नये. आणि सीरतकडे पाहा. हिजरतीच्या रात्री, ज्या वेळी मक्केत प्रेषितांच्या (स.) जिवावर टपलेले लोक होते, त्या वेळी वाट दाखवण्यासाठी कोणाला नेमले? अब्दुल्लाह बिन उरैकितला. तो मुसलमान नव्हता. पण तो वाटेचा जाणकार होता आणि दिलेला शब्द पाळणारा होता. दोन उंटिणी त्याच्या स्वाधीन केल्या गेल्या, आणि तीन दिवसांनी ठरल्या ठिकाणी तो हजर झाला. ज्याला वाट ठाऊक आहे आणि जो शब्दाचा पक्का आहे, त्याच्या हाती वाट सोपवण्याची ही सुन्नत आहे. नळ, गटार आणि रस्ता यांबाबतची साक्ष याच मापाने द्यावी. हेच माप आपल्या माणसालाही लावावे. आपला माणूस लायक असेल तर त्याला आपला म्हणून डावलू नये, नालायक असेल तर आपला म्हणून निवडू नये.

उमेदवारांसाठी दोन शब्द

ज्यांनी अर्ज भरले आहेत, त्यांनी हजरत अबू जर (रजि.) यांची गोष्ट आठवावी. त्यांनी अधिकारपद मागितले तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांच्या खांद्यावर हात ठेवून समजावले की हे काम अमानत आहे, आणि ज्याने तिचा हक्क अदा केला नाही, त्याच्यासाठी कियामतच्या दिवशी ते अपमान आणि पश्चात्ताप ठरेल. अबू जर (रजि.) यांच्या सच्चेपणाविषयी कोणाला शंका होती? तरीही त्यांना थांबवले गेले. कारण सच्चेपणाबरोबर ते ओझे पेलण्याची ताकदही लागते.

महापौर आपण थेट निवडत नाही, नगरसेवक निवडतात. म्हणजे आपली वकालत घेऊन नगरसेवक सभागृहात जातो आणि तिथे पुन्हा साक्ष देतो. महापौराच्या निवडीआधी नगरसेवकांना दूरच्या हॉटेलांत नेऊन ठेवण्याचे प्रकार महाराष्ट्राला नवे नाहीत. ज्याने आमची अमानत खिशात घेऊन स्वतःचा भाव ठरवला, त्याने आमचा वकील म्हणवून घेऊ नये. पण इथे आपणही मान खाली घालायला हवी. ज्या नगरसेवकाने आपले मत विकत घेतले, त्याला आपले मत विकताना आपण कोणत्या तोंडाने अडवणार?

खैबरच्या खजुरांचा अंदाज घ्यायला हजरत अब्दुल्लाह बिन रवाहा (रजि.) जात. एकदा तिथल्या ज्यूंनी दागिने गोळा करून त्यांच्यापुढे ठेवले की आमच्या वाट्यात सूट द्या. त्यांनी ती लाच झिडकारली आणि स्पष्ट सांगितले की मला प्रेषितांविषयी अतोनात प्रेम आहे आणि तुमच्याविषयी राग आहे, पण या दोन्हींमुळे मी तुमच्यावर अन्याय करणार नाही. तेव्हा तेच लोक उद्गारले की याच न्यायावर आकाश आणि पृथ्वी उभी आहे. विरोधकानेही कबूल करावा असा प्रामाणिकपणा, हाच आपला जाहीरनामा असायला हवा.

महिलांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत. फलकावर भगिनीचे नाव आणि सभागृहाबाहेर कारभार पतीचा, ही रीत म्हणजे मतदाराची फसवणूक आहे. ज्या भगिनींना आपण निवडून देऊ, त्यांना काम समजून घेऊ द्या, बोलू द्या, निर्णय घेऊ द्या.

त्या भगिनींचे उत्तर

आता पहिल्या प्रश्नाकडे येतो. मतासाठी दिलेले पैसे ही लाच आहे. लाच देणारा आणि घेणारा, दोघांवरही प्रेषितांनी (स.) लानत केली आहे. ते पैसे ज्याचे त्याला परत करणे आवश्यक आहे. परत करणे शक्यच नसेल, तर सवाबची अपेक्षा न ठेवता गरजूंना देऊन टाकावेत. राहिली शपथ. चुकीच्या कामाची शपथ पाळणे हे पुण्य नाही. शपथ घेतल्यावर त्याहून चांगली गोष्ट दिसली तर ती चांगली गोष्ट करावी आणि कफ्फारा द्यावा, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. मत लायक माणसालाच द्यावे. त्यानंतर दहा गरिबांना दोन वेळचे जेवण किंवा कपडे द्यावेत. ते ऐपतीबाहेर असेल तर सलग तीन रोजे ठेवावेत.

हे ऐकून त्या म्हणाल्या, "पैसे तर फीमध्ये गेले. आता कुठून आणू?" मी गप्प झालो. कारण हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नव्हता. ज्या मोहल्ल्यात आईला मुलाच्या फीसाठी मत विकावे लागते, तिथे जकात कुठे गेली होती? निवडणुकीच्या आदल्या रात्री जो दार ठोठावतो, त्याच्याआधी आपण ते दार का ठोठावले नाही? मशिदीतल्या काही जणांनी मिळून ती रक्कम उभी केली आणि त्या भगिनींनी ती परत पाठवली. पण अशी किती दारे असतील! मतदानाच्या आधी आपापल्या गल्लीतील अशा घरांची चौकशी करणे, हे आपले पहिले काम समजा.

अनेक जण मला विचारतात, मिंबरवरून एक नाव तरी सांगा. मी नाव सांगणार नाही. मिंबर कोणाच्या पॅनलचा मंच नाही. साक्ष तुमची आहे, ती उसनी घेता येत नाही.

शेवटची विनंती. या निवडणुकीची मतमोजणी 16 जानेवारी 2026 रोजी, म्हणजे जुम्म्याच्या दिवशी होती. निकाल काहीही लागो, विजयाची मिरवणूक दुसऱ्याच्या वस्तीत नेऊन डिवचू नका, हरलेल्या शेजाऱ्याच्या दारापुढे फटाके वाजवू नका. अजान होताच गुलाल झटकून सफांमध्ये या. जो जिंकला तो आणि जो हरला तो, दोघेही त्याच सफेत खांद्याला खांदा लावून उभे राहोत. आणि नमाजनंतर पुलापलीकडच्या ओळखीच्या घरी एक फेरी मारून या.

हे अल्लाह, आमच्या साक्षी खऱ्या कर. आमच्या शहरांवर अमानतदार माणसे नेम. आमच्या मनातला द्वेष काढून टाक आणि आमच्या हातून कोणावरही अन्याय होऊ देऊ नकोस. आमीन.