शेवटच्या रोपाचें पाणी

एखादा मनुष्य कोणाचें कांहीं हिरावून घेत नाहीं, कोणाविषयीं मनांत वाईट आणीत नाहीं. तो केवळ आपल्या जागीं उभा असतो. आणि तरीही त्याच्या तेथें उभें असण्यामुळें दुसऱ्याच्या वांट्यास कमी येतें. अशा ठिकाणीं अन्याय झाला असें म्हणावें काय? आणि झाला असल्यास त्याचा जाब कोणास विचारावा? हा प्रश्न पंडित लोक मोठमोठ्या ग्रंथांतून चर्चितात. परंतु तो नीट समजून घ्यावयाचा असेल तर परसांतील एक पिंप व वांग्यांच्या दोन ओळी एवढें पुरे आहे.

आपल्या खानदेशांत पाऊस बेताचाच. धुळें व जळगांव या जिल्ह्यांच्या पुष्कळ भागांत तो वर्षाकाठीं ५०० ते ७०० मिलिमीटर पडतो, आणि तोही सलग नव्हे. परंतु बेताचा म्हणून तो क्षुद्र नाहीं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होतें. २० चौरस मीटरांच्या लहानशा पत्र्यावर ६०० मिलिमीटर पावसाचें १२,००० लिटर पाणी येतें. म्हणजे २०० लिटरांचीं ६० पिंपें. शिंतोडे व गळती वजा घालून ५० धरा. हें सर्व दरसाल आपल्या डोळ्यांदेखत वळचणीवरून गल्लींतील चिखलांत जातें. (धाब्याच्या घरांचें पाणी मातीमुळें गढूळ येतें, तें आधीं निवूं द्यावें लागतें.) पत्र्याच्या कडेला पन्हळ लावून तें पिंपांत घेतलें, तोंडावर जाड कापड बांधून कचरा व डांस यांना अटकाव केला, म्हणजे एका चांगल्या सरींत पिंप भरतें. तथापि एका पिंपावर शिमग्यापर्यंत बाग जगेल अशा भ्रमांत कोणी राहूं नये. वीस रोपांना दररोज दोन दोन लिटर दिलें तर तें पांच दिवस पुरतें. त्याचा खरा उपयोग श्रावण-भाद्रपदांत पाऊस ओढ देतो तेव्हां होतो. त्या आठ-पंधरा दिवसांत हातचें पीक जातें किंवा राहतें.

आतां पिंप एका मीटर उंचीच्या ओट्यावर ठेवा, तळाशीं तोटी बसवा, तिला नळी जोडून ती ओळीनें अंथरा, आणि प्रत्येक रोपापाशीं सारख्या आकाराचें छिद्र पाडा. छिद्रें सारखीं, रोपें सारखीं, तोटी उघडणारा हातही निःपक्षपाती. तरी पाणी सारखें मिळत नाहीं. ठिबकाच्या नेहमींच्या यंत्रणेस सुमारें दहा मीटर उंचीवरील टाकीइतका दाब लागतो. आपल्या पिंपाचा दाब त्याच्या पंचमांशाहूनही कमी, आणि पिंप रितें होत जातें तसा तोही उतरतो. जो थोडा जोर असतो तो नळीशीं घासून वाटेंतच खर्ची पडतो. जमीन सपाट असेल तर तोटीजवळचें पहिलें रोप पोटभर पितें व शेवटचें थेंबांवर राहतें. नळी बारीक व लांब असेल तितका हा भेद अधिक. आठ दिवसांनीं जवळचें वांगें टवटवीत दिसतें, दूरचें पिवळें पडतें, आणि पाहणारा म्हणतो कीं तें रोपच मुळांत अशक्त होतें!

हें शेवटचें वाक्य वाचकांनीं जरा जपून ठेवावें, कारण तें माणसांविषयींही नेहमीं उच्चारलें जातें.

पहिल्या रोपास दोष देतां येत नाहीं, हें उघड आहे. त्यानें चोरी केली नाहीं. पाण्यासही देतां येत नाहीं. तें आपल्या स्वभावानें वाहिलें. मग कोणी म्हणेल, जेथें दोषी नाहीं तेथें अन्यायही नाहीं. हें नशीब होय. मला हें मान्य नाहीं. नळी आपोआप अंथरली गेली नव्हती. ती कोणी तरी अंथरली, व ज्यास ती वेगळ्या रीतीनें अंथरतां येत होती त्याच्याकडे प्रश्न जातो. दोष हा शब्द कदाचित् कठोर होईल. जबाबदारी हा शब्द नाहीं. आणि रोपाच्या जागीं माणूस असेल तर आणखी एक पायरी येते. तोटीजवळ जन्मास येणें हा कोणाचा अपराध नव्हे. परंतु नळी बदलूं या असें शेजारी म्हणूं लागले असतां जो तोटीवर हात ठेवून बसतो, त्याचें निर्दोषपण तेथें संपतें.

ही जबाबदारी ओळखून नळी आधींच विचारपूर्वक अंथरणारे लोक आपल्याच जिल्ह्यांत होऊन गेले. पांझरा नदीवर, आणि शेजारच्या नाशिक जिल्ह्यांत मोसम व आरम या नद्यांवर, तीन-चार शतकांपूर्वींपासून दगडी बंधारे बांधून पाटानें पाणी घेण्याची फड पद्धति चालत आली. तींतही पाणी केवळ आपल्या उतारानेंच चालतें. ना पंप, ना इंजिन. बंधाऱ्याखालील जमीन तीन-चार फडांत विभागलेली असे. एका फडांत एकच पीक, आणि दरसाल पिकांची पाळी बदले. खातेदाराची जमीन सामान्यतः निरनिराळ्या फडांत विखुरलेली असे. गांवचे पंच ठरवीत, पाटकरी पाणी देई, जागल्या राखण करी. नदीला पाणी कमी आलें तर पंच एखादा फड कोरडा ठेवीत. आणि प्रत्येकाचा तुकडा त्या फडांत असल्यामुळें तोटा एकट्या दूरच्या शेतकऱ्याच्या गळ्यांत पडत नसे, तो सर्वांमध्यें वांटला जाई. शेजारी सज्जन निघेल कीं दुर्जन, यावर शेवटच्या माणसाचें पोट त्यांनीं ठेवलें नाहीं, हा त्या पूर्वजांचा मोठेपणा. मो. विश्वेश्वरय्या १८८४ सालीं मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यांत रुजू झाले, तेव्हां त्यांच्या अगदीं पहिल्या कामांत धुळ्याच्या पश्चिमेस दातर्ती येथें पांझरेच्या पाटाचें पाणी नळांतून पलीकडे नेण्याचें काम होतें. तेंही पाण्याच्या स्वतःच्या वजनावरच चालणारें. पुढें वरच्या अंगास धरणें झालीं, विहिरी वाढल्या, आणि फडांपैकीं पुष्कळ मोडकळीस आले. कांहीं ठिकाणीं ते अजून चालतात.

परंतु या व्यवस्थेची स्तुति करतांना एक गोष्ट दडवून ठेवणें बरें नव्हे. ती समता खातेदारांपुरती होती. ज्याची जमीन फडांत नव्हती, किंवा ज्यास जमीनच नव्हती, त्याचा त्या पाण्यांत हिस्सा नव्हता. तो तर नळीच्या शेवटींही नव्हे. नळी त्याच्यापर्यंत पोंचतच नव्हती. आपल्या मंडळ्यांतील किती घराण्यांचे आजे-पणजे या जागीं उभे होते, हें निराळें सांगावयास नको. कित्येकांना पिकाचें पाणी तर दूरच, पिण्याचेंही कोणी वरून ओंजळींत ओतील तेव्हां मिळे. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं हजारों लोकांसह महाडच्या चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यालें, तें तहानेकरितां नव्हे. तळें सर्वांचें असतां तोटीवर हात कोणाचा, हें त्यांना विचारावयाचें होतें.

याकरितां पत्र्यावरून येणारें पाणी मला फार मोलाचें वाटतें. त्यास सातबाऱ्याचा उतारा लागत नाहीं, पंचांची परवानगी लागत नाहीं. ज्याला भुईचा तुकडा नाहीं पण डोक्यावर चार पत्रे आहेत, त्याच्याही घरावर आकाश तितकेंच माप घालतें. मात्र त्यास पिंप, पन्हळ व नळी विकत घ्यावी लागते, आणि तेवढ्यासाठींही ज्यापाशीं पैका नाहीं तो येथेंही मागें राहतो. जळगांव हें तर ठिबकाचें माहेरघर. जामनेर तालुक्यांतील वाकोदचे भवरलाल जैन (१९३७–२०१६) यांनीं १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धांत तेथें हा उद्योग उभारला, आणि दाबाचा फरक पडला तरी सारखेंच पाणी सोडणाऱ्या तोट्या आज बाजारांत मिळतात. म्हणजे शेवटच्या रोपास न्याय देण्याची विद्या आहे. पण तिला पंप हवा, वीज हवी, भांडवल हवें. कमी दाबावर चालणाऱ्यानें तें काम लक्ष देऊन भागवावें.

तें फार अवघडही नाहीं. पिंप ओळीच्या टोंकास न ठेवतां मध्यभागीं ठेवावें. लांब एका नळीऐवजीं आंखूड चार काढाव्या. मुख्य नळी जाड घ्यावी. जमिनीला किंचित् उतार असेल तर नळी त्याच बाजूस न्यावी. छिद्रें आठवड्यांतून एकदां टांचणीनें साफ करावीं, आणि रोपांच्या बुडाशीं पाचट घालावें. तोटी उघडल्यावर पहिल्या रोपाकडे पाहूं नये. सरळ ओळीच्या शेवटीं जावें, तेथें एक वाटी छिद्राखालीं ठेवावी, तितकाच वेळ पहिल्या छिद्राखालींही ठेवावी, आणि दोन्हींतील पाणी शेजारीं शेजारीं धरून मोजावें.