शिफारसपत्र मागण्यापूर्वी



जून जवळ आला की हायस्कूलच्या प्रवेशासाठी शिफारसपत्र मागायला पालक आमच्याकडे येतात. काही वर्षांपूर्वी मराठी शाळेतून सातवी झालेल्या एका मुलासाठी आम्ही असेच पत्र दिले. हायस्कूल दूरचे, इंग्रजी माध्यमाचे, नावाजलेले. मुलगा शेजारी गप्प उभा होता. त्याला काही विचारावे हे ना त्याच्या वडिलांना सुचले, ना आम्हांला. दिवाळीपर्यंत वर्गात हात वर करणे त्याने सोडून दिले होते. ते पत्र आम्हांला अजून बोचते.

आईवडील हेच मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक, असे दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ साली सांगितले. ही जबाबदारी फी भरून संपत नाही. गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकीचे विषय मराठीतून, अशी सेमी-इंग्रजीची सोय जवळच्या शाळेत आहे का, याची चौकशी केलीत का? प्रवासात रोज किती वेळ जाईल? लोकलची गर्दी आपल्याला ठाऊक आहेच.

बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात सापडला, तेव्हा पवित्र मरियेने त्याला प्रश्न विचारला. त्याचे उत्तर तिला उमगले नाही, तरी तिने ते अंतःकरणात जपून ठेवले.

यंदा पत्र हवे असेल तर मुलाला सोबत आणा. आम्ही आधी त्याच्याशी बोलू.